कृषी केंद्र चालवत राहावं की डी. फार्म. करून मेडिकल टाकावं?

विदर्भातल्या तालुक्याच्या गावी बाजाररस्त्यावर कृषी केंद्र आणि मेडिकल ही दोन दुकानं हमखास शेजारी-शेजारी सापडतात. माझं मेडिकल आहे आणि मधली भिंत ओलांडली की चुलतभावाचं कृषी केंद्र. त्यामुळं तिशी-पस्तिशीतला एखादा केंद्रवाला ‘हा धंदा आता पुरे, फार्मसी करून टाकू का?’ असं विचारत येतो, तेव्हा मला दोन्ही गल्ले दिसत असतात. हा आढावा त्याच्यासाठी आहे. पगाराची नोकरी सोडून येणाऱ्याचं गणित वेगळं, ते इथं मांडत नाही.

आधी बारावीची मार्कशीट काढा

डी. फार्म. ला, म्हणजे फार्मसीच्या डिप्लोमाला, बारावी विज्ञान लागते. फिजिक्स, केमिस्ट्री आणि सोबत बायोलॉजी किंवा मॅथ्स. कला शाखेची बारावी असेल तर विषय इथंच संपला. बी. एस्सी. ॲग्री करून दुकान टाकलेल्यांची बारावी बहुधा विज्ञानाचीच असते. सीईटी नाही, प्रवेश बारावीच्या मार्कांवर होतो.

अभ्यासक्रम दोन वर्षांचा, वर 500 तासांचं प्रॅक्टिकल ट्रेनिंग, तेही किमान तीन महिने पसरलेलं. शिकवणी आणि पेपर इंग्रजीत. पहिल्याच वर्षी शरीररचना, फार्मास्युटिक्स (औषधं बनवण्याचं शास्त्र), फार्माकोग्नॉसी (वनस्पतींसारख्या नैसर्गिक औषधांचा अभ्यास). पंधरा वर्षं पुस्तक न उघडलेल्या माणसाला पहिले तीन-चार महिने जड जातात, पुढं जमतं. 2022 च्या नियमांनी नोंदणीआधी एक्झिट परीक्षाही आणली आहे. तीन पेपर, प्रत्येकात 50 टक्के. बी. फार्म. चार वर्षांचं, स्वतःचं दुकान टाकायला त्याची गरज नाही, आणि पुढं वाटलंच तर डी. फार्म. नंतर थेट दुसऱ्या वर्षाला बसता येतं.

आता दुसरी बाजू. कृषी केंद्रवाल्याला पात्रतेसाठी ‘देसी’ डिप्लोमा आहे, हैदराबादच्या मॅनेज संस्थेचा. 48 आठवडे, आठवड्यातून एक दिवस, तोही बहुधा बाजार बंद असतो त्या दिवशी. दुकान चालू ठेवून तो होतो. डी. फार्म. असा होत नाही. ते बाहेरून करता येत नाही आणि 75 टक्के हजेरी थिअरीला वेगळी, प्रॅक्टिकलला वेगळी लागते. फी किती याची चौकशी सगळेच करतात. जून-जुलैत, पेरणीच्या ऐन गर्दीत, सलग दोन हंगाम काउंटरवर कोण बसणार, हे मात्र फार थोडे विचारतात. कृषी केंद्राचं वर्ष त्याच दोन-अडीच महिन्यांत कमावलं जातं, आणि एकदा दुसऱ्या दुकानाला लागलेला कास्तकार सहज परत येत नाही. ‘कॉलेजला यायचं कामच नाही, हजेरीचं आम्ही पाहतो’ म्हणणारा एजंट भेटला तर चहा पिऊन उठा. औषधाच्या मात्रा समजून न घेता काउंटरला उभं राहणं परवडणारं नाही, आणि कागद तपासणारे आता पूर्वीसारखे ढिले राहिलेले नाहीत.

पैसा कधी येतो, किती उरतो

कृषी केंद्रात माल जून ते ऑगस्टमध्ये जातो आणि पैसा कापसाचा चुकारा झाला की येतो. सोयाबीन बरं पिकलं तर दिवाळीच्या आसपास थोडा आधी. मधल्या काळात कंपनीचा माणूस दारात, बँकेची सीसी (कॅश क्रेडिट, म्हणजे उचलीची मर्यादा) भरलेली आणि उधारीची वही फुगलेली. बोंडअळी आली किंवा परतीच्या पावसानं सोयाबीन भिजलं, की पुढच्या वर्षावर गेलेली उधारी कास्तकाराला मागावी तरी कोणत्या तोंडानं? शिवाय लिंकिंग. युरियाची 45 किलोची गोणी 266.50 रुपयांना विकायची, त्यात सुटतं जेमतेम, आणि ती मिळावी म्हणून न खपणारी सूक्ष्म अन्नद्रव्यं गळ्यात घ्यायची. खरी कमाई फवारणीच्या औषधांत असते. त्यामुळंच तुडतुड्याचं पान घेऊन आलेल्याला एकाच्या जागी तीन बाटल्या देण्याचा मोह सुटत नाही.

मेडिकलमध्ये पैसा रोज येतो, पण बारीक. उधारी इथंही आहे, बीपी-शुगरचे जुने पेशंट महिन्याच्या हिशेबावर असतात. फक्त रक्कम शेकड्यांत असते, खत-बियाण्यासारखी हजारांत नाही. नफ्याची मर्यादा मात्र कळून घ्या. ज्या औषधांची कमाल किंमत सरकार ठरवतं, त्यात 2013 च्या किंमत नियंत्रण आदेशाप्रमाणे किरकोळ विक्रेत्याचं मार्जिन 16 टक्के धरलेलं असतं. जीएसटी बाजूला ठेवून बघा: 100 रुपयांना घेतलेली स्ट्रिप 116 ला जाते. गिऱ्हाईक म्हणतं, ‘नागपुरात 10 टक्के सोडतात, तुम्ही का नाही?’ सोडले की 11.60 गेले, हातात राहिले 4.40. त्यातून लाईट बिल, गाळ्याचं भाडं आणि दोन गोळ्या कापून नेल्यावर उरलेली अर्धी स्ट्रिप. बाकी औषधांत 20 टक्क्यांच्या आसपासची रीत आहे आणि जेनेरिकमध्ये जास्त सुटतं, म्हणून दुकान चालतं. जनऔषधी केंद्राला मार्जिन 20 टक्के, पण किंमतच कमी असल्यानं त्याला गर्दीचं ठिकाण हवं; दोन-तीन हजार वस्तीच्या गावात ते टाकू नये असं माझं मत आहे.

मेडिकलचं खरं भांडवल समोरचा दवाखाना असतो. खेड्यात बरेच डॉक्टर स्वतःच गोळ्या देतात आणि आपल्या पेशंटपुरती ती मुभा कायद्यानंच त्यांना दिलेली आहे. अशा गावात चिठ्ठीच बाहेर पडत नाही. मग तुमच्या वाट्याला डोकेदुखीची गोळी, ओआरएस आणि सॅनिटरी पॅड. गाळा बघण्याआधी त्या दवाखान्यासमोरच्या टपरीवर आठ-दहा सकाळी बसा आणि हातात चिठ्ठी घेऊन किती जण बाहेर पडतात ते मोजा. याच्यापेक्षा चांगला सर्व्हे कुणी करून देणार नाही.

लायसन्स आणि अंगावर येणारं

कृषी केंद्राला बियाणं, खत आणि कीटकनाशक असे तीन वेगवेगळे परवाने. मेडिकलला अन्न व औषध प्रशासनाचं लायसन्स, किमान 10 चौरस मीटर जागा, फ्रीज आणि नोंदणीकृत फार्मासिस्ट. हा फार्मासिस्ट दुकानात हजर पाहिजे, भिंतीवरच्या फ्रेममध्ये असून भागत नाही. सर्टिफिकेट भाड्यानं घेऊन दुकान टाकायचं काहींच्या मनात येतं. ड्रग इन्स्पेक्टर आला आणि फार्मासिस्ट जागेवर नसला, तर लायसन्स निलंबित होऊ शकतं आणि भाडं खाणारा फोन उचलत नाही. उलट स्वतः फार्मासिस्ट असाल तर लग्नाला, तेराव्याला, वावरात जायलासुद्धा दुकान बंद करूनच जावं लागतं. कृषी केंद्रवाल्याला उन्हाळ्यात मिळते ती सवड इथं नाही.

माल खराब निघाला तर दोन्हीकडं कायदा साधारण सारखाच आहे. परवानाधारकाकडून बिलानं घेतलेला आणि नीट ठेवलेला माल असेल तर विक्रेत्याला बचाव मिळतो, म्हणून बिलं जपायची. पण कृषी केंद्रवाल्याला कोर्टाच्या आधी गाव गाठतं. 2020 च्या खरिपात सोयाबीन उगवलं नाही तेव्हा कंपनी लांब होती, दुकान जवळ होतं. त्याआधी 2017 ला यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, तेव्हा चौकशी दुकानांपर्यंत आली. शिवाय दर जूनला चोर बीटीची, म्हणजे परवानगी नसलेल्या कापूस बियाण्याची, पाकिटं मागणारे असतातच. मेडिकलमध्ये असा जमाव येत नाही. इथं ताण वेगळा: शेड्यूल एच-वनच्या (चिठ्ठीवरच, नोंद करून द्यायच्या) औषधांचं रजिस्टर तीन वर्षं सांभाळायचं, आणि चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक मागणाऱ्या ओळखीच्या माणसाला नाही म्हणायचं. कीटकनाशकाच्या बाटलीवरचा लाल त्रिकोण जहाल विष सांगतो, स्ट्रिपवरची लाल रेघ चिठ्ठीशिवाय देऊ नका म्हणते; त्यामुळं या रेघेची सवय केंद्रवाल्याला लवकर लागते, हा त्याचा फायदाच.

मे महिन्याचं एक सांगतो, कारण कॉलेजात ते कुणी सांगत नाही. पारा 45 वर, दुपारी लाईन जाते आणि फ्रीजमध्ये इन्सुलिन असतं, 2 ते 8 अंशांत ठेवायचं. लाईन गेल्या क्षणापासून फ्रीज उघडणं बंद. लांबलं की फ्रीझरमधले जेल पॅक काढून कागदात गुंडाळायचे, नाहीतर इन्सुलिन गोठतं आणि गोठलेलं फेकावंच लागतं. आत थर्मामीटर हवा, आकडा रोज लिहायचा. एसटीनं तीस किलोमीटर जाणाऱ्या आजीला इन्सुलिन तसंच पिशवीत टाकून दिलं तर आपली सगळी मेहनत बसस्टँडवरच वाया जाते. तिला थर्मास घेऊन यायला सांगावं लागतं आणि घरी फ्रीज नसेल तर माठाजवळ कसं ठेवायचं तेही. इन्व्हर्टरचा खर्च भांडवलातच धरा, ‘नंतर पाहू’ म्हणू नका.

मग करावं का?

प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या औषध निर्माण अधिकारी पदाकडं डोळा असेल तर वय बघा. खुल्या प्रवर्गाला 38, मागासवर्गीयांना 43 ही मर्यादा. पस्तिशीत प्रवेश घेणाऱ्या खुल्या प्रवर्गातल्या माणसाला एखादी भरती मिळाली तर मिळाली. त्या भरवशावर केंद्र बंद करू नये.

दुकान सांभाळायला भाऊ किंवा वडील असतील आणि गावात चिठ्ठी लिहिणारा डॉक्टर असेल, तर डी. फार्म. करा. रोजचा पैसा आणि पावसावर न टांगलेलं वर्ष यासाठी दोन हंगाम गमावणं परवडतं. एकट्याच्या जिवावर केंद्र चालत असेल तर मी नको म्हणेन. ‘देसी’ करा, उधारीला मर्यादा घाला, लिंकिंगचा माल कमी उचला.

तिसरा रस्ता आमच्या भागात दोन-तीन घरांनी घेतलेला आहे आणि मला तोच सगळ्यात पटतो. केंद्र तुम्ही चालवा, शिकायला बायकोला पाठवा. बारावी सायन्स होऊन लग्नानंतर थांबलेल्या कितीतरी मुली आपल्याकडं आहेत. तिचं वय भरतीच्या मर्यादेतही बसतं, नोंदणी तिच्या नावानं होते आणि हंगाम बुडत नाही. अट एकच, दुकान झाल्यावर काउंटरला तीच बसली पाहिजे. प्रवेशाची प्रक्रिया बारावीच्या निकालानंतर सुरू होते आणि नेमकी पेरणीच्या गडबडीत येते, म्हणून तिचा शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर आणि लग्नानंतर बदललेल्या नावाचं राजपत्र एप्रिलमध्येच काढून ठेवा.