मॉनिटरवर रेघा आल्या: केबल बदलायची, दुरुस्ती करायची की नवा घ्यायचा?

स्क्रीन थरथरायला लागली, उभ्या रेघा आल्या किंवा सगळ्या चित्रावर गुलाबी झाक पसरली की घरातलं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "गेला मॉनिटर." संध्याकाळपर्यंत नव्याच्या किमती बघून होतात. नातेवाइकांचे, शेजाऱ्यांचे मॉनिटर तपासून देताना मला अनेकदा दिसलंय की दुखणं मॉनिटरचं नसतंच. तेव्हा कुठल्याही पर्यायावर पैसे घालण्याआधी दोन मिनिटं द्या.

मॉनिटरच्या कडेचं किंवा खालचं बटण दाबून ब्राइटनेस-कॉन्ट्रास्टचा मेनू उघडा. हा मेनू मॉनिटर स्वतः तयार करतो, कॉम्प्युटरचा त्यात हात नसतो. रेघा मेनूवरूनही जात असतील तर दोष मॉनिटरचा. मेनू स्वच्छ आणि मागचं चित्र तेवढं विस्कटलेलं, तर संशय केबलवर किंवा कॉम्प्युटरवर. मग एक स्क्रीनशॉट काढून फोनवर पाठवा. फोनवरही चित्र खराब दिसलं तर ते कॉम्प्युटरमध्येच बिघडतंय. फोनवर स्वच्छ दिसलं तर आधी केबल बघा. या दोन खुणा कळल्याशिवाय पुढची तुलना उपयोगाची नाही.

केबल की कॉम्प्युटर?

केबल हा सगळ्यात स्वस्त पर्याय, म्हणून मी तिथूनच सुरुवात करतो. पण तिची लक्षणं केबलच्या जातीप्रमाणे बदलतात. जुन्या निळ्या टोकाच्या व्हीजीए केबलमध्ये लाल, हिरवा आणि निळा रंग वेगवेगळ्या तारांतून येतो. एक तार सुटली की तेवढाच रंग गायब: लाल गेला तर चित्र निळसर-हिरवं, हिरवा गेला तर गुलाबी-जांभळं, निळा गेला तर पिवळं. माझ्या आत्याचा मॉनिटर असाच पिवळा पडला होता. हिशेबाची पांढरी पानं हळदीच्या पाण्यातून काढल्यासारखी दिसत होती आणि तिने नवा घ्यायचं नक्कीही केलं होतं. केबल काढून उजेडात धरली तर वरच्या ओळीतली तिसरी पिन आडवी झोपलेली. कॉम्प्युटर बंद केला, रिकाम्या रिफिलचं टोक पिनवर अलगद बसवून ती सरळ केली आणि केबल परत लावली. पांढरं पुन्हा पांढरं झालं. एक सांभाळा: या टोकात १५ पिनांची जागा असते, पण बऱ्याच केबलींत मधल्या ओळीतली नववी पिन मुळातच नसते. ती तुटली असं समजून केबल टाकून देऊ नका.

एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट या नव्या जातीच्या केबलींचं वेगळं. त्यांचा सिग्नल डिजिटल असल्यामुळे केबल कमी पडली की सहसा रंगाची झाक येत नाही. चित्रात पांढरे ठिपके चमकतात, नाहीतर स्क्रीन क्षणभर काळी होऊन परत येते. अशा वेळी सेटिंगमध्ये जाऊन रिफ्रेश रेट (सेकंदाला चित्र किती वेळा नव्याने उमटतं तो आकडा) १४४ वरून ६० हर्ट्झवर आणा. तेवढ्याने चित्र सुधारलं तर केबल बदला. एचडीएमआय १.४ च्या जमान्यातली लांबलचक केबल फोर-के या जास्त बारकाव्याच्या चित्राला ६० हर्ट्झवर पुरी पडेल, याचा भरवसा नाही. दुसरी केबल लावूनही फरक नसेल तर मॉनिटरचं दुसरं पोर्टही (केबल खोचायची जागा) वापरून बघा, कारण मेनू स्वच्छ असूनही एखादं पोर्ट खराब असू शकतं.

कॉम्प्युटरच्या बाजूने बिघाड असेल तर पहिला प्रश्न ड्रायव्हरचा, म्हणजे ग्राफिक्सचा भाग चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा. विंडोज १० किंवा ११ वर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही बटणं एकदम दाबली की ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. बायोसची, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीची स्क्रीनही विस्कटलेली असेल, तर मात्र ड्रायव्हरला दोष देऊन उपयोग नाही. रंगीत चौकटी, बुद्धिबळाच्या पटासारखी नक्षी, गेम सुरू करताच वाढणारा गोंधळ ही ग्राफिक्स कार्डाची (कॉम्प्युटरमधलं चित्र तयार करणारं कार्ड) किंवा त्याच्या मेमरीची लक्षणं. वेगळं कार्ड नसलेल्या कॉम्प्युटरमध्ये ग्राफिक्स कॉम्प्युटरची साधी मेमरी, म्हणजे रॅमच वापरतं. तिथे कॉम्प्युटरची विजेची वायर काढून, रॅम उपसून, तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने हलक्या हाताने पुसून परत बसवा. कार्ड खरंच गेलं असेल आणि प्रोसेसरमध्ये अंगचं ग्राफिक्स असेल, तर कार्ड काढून मदरबोर्डच्या (कॉम्प्युटरच्या मुख्य बोर्डाच्या) पोर्टवर काम चालू ठेवा. ऑफिसच्या कामाला आणि व्हिडिओ बघायला ते पुरतं. नवं कार्ड घ्यायची घाई नको.

दुरुस्ती की नवा?

दोष मॉनिटरमध्येच ठरला तरी सगळे दोष सारख्या तोलाचे नसतात. सुरू केल्यावर चित्र लुकलुकतं आणि थोडं तापल्यावर स्थिर होतं, किंवा दोन सेकंद दिसून अंधार होतो, तर मॉनिटरला वीज पुरवणाऱ्या पॉवर बोर्डवरचे कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे भाग) फुगलेले असण्याची शक्यता मोठी. स्क्रीन काळी दिसत असेल तर अंधारात तिच्यावर टॉर्च तिरका मारा. पुसटसं चित्र दिसलं तर पॅनेल (चित्र उमटणारी काच) शाबूत आहे, मागचा प्रकाश म्हणजे बॅकलाइट गेलाय. या दोन्ही दुरुस्त्या करून घेण्यासारख्या असतात. कपॅसिटर बदलणं हे तर मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा तुमच्या गावच्या टीव्ही दुरुस्तीवाल्याकडे रोजचं काम. फक्त घरी मागचं झाकण उघडू नका. वायर काढल्यावरही त्या बोर्डवर काही काळ धोकादायक व्होल्टेज टिकून राहतं.

वरपासून खालपर्यंत एकच बारीक, कायमची उभी रेघ असेल तर गोष्ट वेगळी. काचेच्या कडेला चिकटवलेल्या बारीक पट्टीचा सांधा सुटलेला असतो. कडेवर हलकं दाबल्यावर रेघ जाते-येते, हीच त्याची खूण. तो सांधा उष्णता देऊन पुन्हा दाबून बसवणारे लोक आहेत, पण ती दुरुस्ती टिकेलच असं नाही. एकच रेघ असेल आणि डोळ्याला टोचत नसेल, तर मी त्यावर पैसे घालणार नाही. शाई सांडल्यासारखा काळा डाग म्हणजे आतलं पॅनेल फुटलंय. पॅनेल हाच मॉनिटरचा सगळ्यात महाग भाग, त्यामुळे इथे सरळ नवा घ्यावा. दुरुस्तीचा आकडा नव्याच्या निम्म्यावर गेला तरी माझं मत हेच.

त्याआधी मागचं स्टिकर वाचा. अनेक कंपन्या मॉनिटरला ३ वर्षांची वॉरंटी देतात आणि लोक ती विसरून बाहेर उघडून घेतात, मग कंपनी हात वर करते. फुटलेलं पॅनेल मात्र वॉरंटीत सहसा बसत नाही. जुना मॉनिटर कचऱ्यात टाकू नका. जुन्या प्रकारच्या बॅकलाइटच्या नळ्यांत पारा असतो, तेव्हा तो ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रातच द्या.

दुरुस्तीला नेताना केबल बरोबर न्या आणि घरी दिसणाऱ्या बिघाडाचा फोनवर व्हिडिओ काढून ठेवा. दुकानात पोचेपर्यंत मॉनिटर पुष्कळदा शहाण्यासारखा वागायला लागतो.