मलबार नीम की बकाण निंब: पैसा कुठला, सावली कुठली?

यमुनानगरच्या प्लायवूड कारखान्यांना लाकूड पुरवणारा पॉपलर आपल्याकडे लावावा का? नको. त्याला कडक थंडी लागते. भारतात त्याची लागवड मुख्यतः 28 अंश अक्षांशाच्या उत्तरेला, पंजाब-हरियाणाकडे होते; सांगली आहे 17 अंशांवर. इकडे प्लायवूडसाठी विचार करायचा तो मलबार नीमचा, म्हणजे मेलिया डुबियाचा. त्याच्याच भावकीतला बकाण निंब लहानपणी बराचसा तसाच दिसतो, त्यामुळे रोपांची अदलाबदल सहज होते.

हा फरक पैशांचा आहे. मलबार नीम सरळसोट वाढतो. पाणी, खत आणि पहिली दोन वर्षं बाजूच्या फांद्यांची वेळेवर छाटणी मिळाली, तर सहा ते आठ वर्षांत प्लायवूडजोगा सोट तयार होतो. बकाण आखूड खोडाचा, पसरट. सावली छान, लाकूडही कामाचं, पण लांब, सरळ ओंडक्याची आशा त्याच्याकडून धरू नये. रोपावरून खात्री पटत नसेल तर बी कुठल्या झाडाचं ते विचारा आणि शक्य असेल तर मातृवृक्ष बघा. बकाणाला जांभळट, सुवासिक फुलं आणि बोराएवढी पिवळी गोल फळं. मलबार नीमची फुलं हिरवट पांढरी, फळं त्याहून मोठी, लांबट. त्याची आठळी टणक असते, उगवण कमी होते, म्हणून रोप महाग पडतं.

वाळवा, पलूस, कराडच्या पाण्याखालच्या, निचऱ्याच्या जमिनीत मी बेलाशक मलबार नीम लावायला सांगेन. 5 बाय 5 मीटरवर लावला तर सुरुवातीला मधल्या पट्ट्यात हळद घेता येते. कृष्णाकाठच्या क्षारपड, पाणी साचणाऱ्या रानात मात्र तो नकोच.

जत, आटपाडी, माणमध्ये पाण्याची शाश्वती नसेल तिथे बकाण बरा. एकदा मूळ धरलं की तो ताण सोसतो. फक्त गोठ्याजवळ आणि लहान मुलं खेळतात तिथे लावू नका; फळं विषारी असतात. फांद्या ठिसूळ, त्यामुळे घरावर झुकेल इतका जवळही नको.

मलबार नीमची रोपं उचलण्याआधी एक चौकशी कराच: जवळचा प्लायवूड कारखाना किंवा व्यापारी किती घेराचा ओंडका घेतो आणि तोडणी-वाहतूक कोणाच्या खर्चाने होते. दूरच्या गिऱ्हाइकाला विकायचं झालं तर भाड्यातच बराच पैसा जातो.