पांढरे कोरी म्हणून १५०० रुपयांना विकलेले मागूर

पहाटे आई सडा टाकायला उठली आणि चुलीजवळ तिचा पाय कशावर तरी पडला. ते वळवळलं. साप समजून ती अशी ओरडली की अर्धी गल्ली जागी झाली. दिवा लावून पाहतो तर माझा अडीचशे रुपयांचा ‘पांढरा कोरी’, काचेच्या टाकीत पाळायचा मासा. टाकीपासून दहा फूट लांब, अंगाला सारवणाची माती लागलेली, तरी जिवंत.

आमचं गाव भंडारा जिल्ह्यात, साकोलीच्या बाजूला. जिकडे जाल तिकडे मामा तलाव, म्हणजे मालगुजारांच्या काळातले जुने तलाव. अशा गावात राहून माशातच फसलो हे सांगायला लाज वाटते. पण ज्या दुकानात फसलो तिथून लोक अजूनही टाक्या नेतात, म्हणून लिहितो.

दिवाळीत मुलीच्या हट्टापायी दोन फुटी टाकी आणि डझनभर गप्पी घेतले. दुकानदाराने सोबत बोटभर लांबीचे सहा पांढरे मासे गळ्यात मारले, एकेक २५० रुपयांना. “भाऊ, अल्बिनो कोरी आहेत. तळाशी राहतात, घाण खातात, वेगळं खायला टाकायचं काम नाही.” बिल मागितलं तर म्हणे, “माशाचं कुठं बिल असते का?” पैसे फोनवरून गेले, तेही कोण्या तिसऱ्याच्याच नावावर.

आठवड्याभरात गप्पी कमी होऊ लागले. मेलेला मात्र एकही दिसेना. पुन्हा गेलो, तर तोच माणूस म्हणाला, “खालचे मासे उपाशी असतील, त्यांचं खाद्य न्या.” आधी तर काहीच लागत नव्हतं ना, हे मला तिथे सुचलं नाही, याचा राग अजून येतो. वर काही छापलेलं नसलेली पुडी ३५० ला घेतली. दाणे पाण्यावर तरंगत राहायचे. तळाच्या माशाचं खाद्य बुडायला हवं एवढंही डोक्यात आलं नाही. दीड महिन्यात गप्पी संपले आणि ‘कोरी’ आकाराने दुप्पट झाले.

चुलीजवळच्या त्या प्रकारानंतर शेजारच्या काकांना बोलावलं. त्यांची हयात तलावावर जाळं टाकण्यात गेली. टाकीत डोकावले आणि हसायलाच लागले. “अरे, हे त मागूर होय गा! इकत आणलास?”

मागूर पांढरेही असतात, मी रंगावर गेलो. कोरी दोन-अडीच इंचांवर थांबतो. अंगावर दोन्ही बाजूंना हाडाच्या पट्ट्यांच्या दोन-दोन ओळी, पाठीवरचा पर आखूड आणि उभा, मिशा छोट्या. मागुराचा पर डोक्यामागून शेपटीपर्यंत सलग जातो आणि लांब मिशांच्या चार जोड्या असतात. बोटभर पिल्लातही हे दिसतं, फक्त पिशवी उजेडात धरून पाहायला हवी. आणि मागूर हवेतून श्वास घेतो, म्हणून ओल्या जमिनीवरून सरपटत जातो. टाकीवर झाकण नव्हतं.

आई म्हणाली, तलावात सोडून दे. काकांनी अडवलं. ज्याला बाजारात थाई मागूर म्हणतात त्या आफ्रिकन मागुरावर देशात २००० सालापासून बंदी आहे. तलावात शिरला तर तिथले मासे फस्त करतो. एवढ्याशा पांढऱ्या पिल्लांत देशी कोण आणि परका कोण हे काकांनाही सांगता येईना. सहाही मारून परसात पुरले. मुलगी दोन दिवस बोलली नाही.

दुकानदाराचं उत्तर: “जिवंत दिले होते ना?” पैसे नाहीत म्हणे, बदल्यात सकर मासा न्या, तो खरंच घाण खातो. पण सकर काचेवरचं शेवाळ खातो, विष्ठा नाही. शेवाळ संपलं की त्याला काकडी, दोडका द्यावा लागतो, आणि वाढून दीड फुटाचा झाला की घाण तोच जास्त करतो. नको म्हटलं. बिल असतं तर ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार तरी केली असती.

पुढे नागपूरहून खरे कोरी आणले. सहा, कारण ते कळपाने राहतात. आधीच्या दुकानातली धारदार रंगीत खडी काढून टाकली, तिने मिशा झिजतात. बारीक रेती चाळून, पाणी नितळ येईपर्यंत धुऊन घातली. रात्री दिवा मालवला की बुडणाऱ्या दोन-तीन गोळ्या टाकतो, उरलं-सुरलं सकाळी काढतो. या वेळी बिल घेतलं, त्यावर माशाचं नावही लिहून घेतलं.