उन्हातही वाचता येणारे रंग : ईमॅक्समधील मोडस थीम

आर्णी तालुक्यातील आमच्या गावात मी एका शेतकरी गटाचे हिशेब सांभाळतो. वेचणीचे किलो, मजुरी, बियाण्यांची उधारी, कापसाचे चुकारे हे सारे मी ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरमध्ये, म्हणजे मजकूर लिहिण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये, ऑर्ग या त्याच्याच नोंदी ठेवण्याच्या पद्धतीने साध्या मजकुराच्या फायलींत लिहितो. ईमॅक्सची ३०वी आवृत्ती फेब्रुवारी २०२५ मध्ये आली आणि तिच्यासोबत मोडस थीमचे, म्हणजे पडद्याच्या तयार रंगसंगतींचे, आठही प्रकार थेट हाती आले. कापसाचा एक पूर्ण हंगाम मी त्यांच्यावर काम केले आहे.

प्रोतेसिलाओस स्ताव्रू यांनी रचलेल्या या थीम ईमॅक्समध्ये प्रथम आल्या त्या २०२२ साली, २८व्या आवृत्तीत. तेव्हा त्या दोनच होत्या : पांढऱ्या पार्श्वभूमीची ‘ऑपेरांडी’ आणि काळ्या पार्श्वभूमीची ‘विवेंडी’. आता दोहोंचे प्रत्येकी तीन उपप्रकार मिळतात. एक सौम्य छटेचा, एक लाल-हिरवा भेद न कळणाऱ्यांसाठी आणि एक निळा-पिवळा भेद न कळणाऱ्यांसाठी. या संचाचा पाया एका आकड्यावर उभा आहे. वेबवरील मजकूर सर्वांना वाचता यावा म्हणून आखलेल्या आंतरराष्ट्रीय निकषांची सर्वांत कडक पातळी असे सांगते की, अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर किमान ७ : १ असावे, शुद्ध पांढऱ्यावरच्या शुद्ध काळ्याचे ते २१ : १ भरते. स्ताव्रू यांनी ७ : १ ची अट केवळ मुख्य मजकुराला नव्हे, तर टिपणे, तारखा, दुवे अशा दुय्यम गोष्टींनाही लावली आहे. बहुतेक थीममध्ये टिपण दुय्यम म्हणून फिकट राखाडी करून टाकलेले असते, आणि माझ्या हिशेबात तर खरी हकीकत टिपणातच असते : कोणाची पराटी बोंडअळीने गेली, कोणाला पोळ्यापर्यंत मुदत दिली.

नवतपात या आकड्याचे मोल कळले. दुपारी आमच्याकडे वीज असेलच असे नाही, म्हणून मी छपरीत बसून काम करतो, आणि समोरच्या अंगणातील ऊन लॅपटॉपच्या जुन्या, मंद पडद्यावर असे उलटून येते की पूर्वीच्या गडद थीममध्ये मला अक्षरांऐवजी स्वतःचा चेहराच दिसत असे. ऑपेरांडी लावल्यावर त्याच जागी, त्याच पडद्यावर मी उधारीची पूर्ण यादी डोळे न ताणता वाचली. सायंकाळी घरात बसल्यावर मात्र शुद्ध पांढरा रंग डोळ्यांना टोचतो. तेव्हा फिकट गेरूसारख्या पार्श्वभूमीची सौम्य ऑपेरांडी बरी वाटते. रात्री वीज गेली की रात्रीच्या आभाळासारखी निळसर-काळी सौम्य विवेंडी. ठरवून ठेवलेल्या दोन थीममध्ये अदलाबदल करणारी आज्ञा मी एफ-५ या कळीवर बसवली आहे, त्यामुळे छपरीतून घरात जाताना एकच कळ दाबावी लागते.

मला सर्वाधिक भावले ते लाल-हिरव्या दोषासाठीचे प्रकार. माझा भाचा हंगामात नोंदी घ्यायला मदत करतो आणि त्याला लाल-हिरव्यातला फरक कळत नाही. फाईलच्या वरच्या ओळीत मी ‘बाकी’ आणि ‘चुकते’ अशा दोन स्थिती ठरवून दिल्या आहेत. आधीच्या थीममध्ये पहिली लाल आणि दुसरी हिरवी दिसे, म्हणजे त्याच्या लेखी दोन्ही एकाच मातकट रंगाच्या. प्रत्येक नाव तो थांबून वाचत असे, आणि मी त्याला धांदरट समजत होतो, याचे मला आजही वाईट वाटते. नव्या प्रकारात ‘बाकी’ पिवळसर आणि ‘चुकते’ निळे दिसते. दोन फायलींतील फरक पाहतानाही काढलेली ओळ पिवळी आणि घातलेली निळी येते. पहिल्याच दिवशी तो म्हणाला, “मामा, आता बाकी कोनाची हाये ते न वाचताच समजून राह्यलं.” आठवड्याचे चुकारे त्या दिवशी त्याने एकट्याने जुळवले.

रंग बदलण्याची मुभाही मोठी आहे. संपूर्ण थीम न मोडता तिच्या रंगपटावरील एखादाच रंग बदलता येतो, किंवा सगळेच रंग फिके, गडद, उबदार वा थंड करणारे तयार संच लावता येतात. बदल केल्यावर थीम पुन्हा चालू करावी लागते, हे ध्यानात न आल्याने माझी एक संध्याकाळ वाया गेली. तिरप्या अक्षरांचा पर्याय मराठी लिहिणाऱ्यांनी बंदच ठेवावा. देवनागरीच्या बहुतेक फॉन्टना स्वतःचे तिरपे वळण नसते, आणि यंत्राने ओढून तिरपी केलेली वेलांटी शेजारच्या अक्षरावर चढते.

मराठीसाठी रंगांपेक्षाही ईमॅक्समधील दोन जुन्या सुधारणा महत्त्वाच्या आहेत. २०२० च्या २७व्या आवृत्तीपासून हार्फबझ या अक्षरे जुळवून दाखवणाऱ्या यंत्रणेमुळे जोडाक्षरे नीट जुळतात, आणि २९व्या आवृत्तीपासून डिलीट कळ ‘त्या’सारखे अक्षर अखंड पुसते, तर बॅकस्पेस आधी फक्त काना काढते. काना-मात्रेची चूक सुधारताना हा फरक फार उपयोगी पडतो.

उणिवाही आहेत. लाल-हिरव्या दोषासाठीच्या प्रकारात रंग मोजके असल्याने प्रोग्रॅमचा कोड लिहिताना निळ्याच्या दोन-तीन छटा एकमेकींत मिसळतात. हिशेबाला ते चालते, कोडला खटकते. माहितीपुस्तिका अतिशय तपशीलवार आहे, पण इंग्रजीत आहे, आणि बदल लिस्प या प्रोग्रॅमिंग भाषेच्या ओळींत लिहावे लागतात, ज्यात एक कंस राहिला तरी सारे अडते. भाच्याला मी त्या चार ओळी वहीत लिहून दिल्या आहेत. देवनागरी अक्षरांची रुंदी सारखी नसल्याने तक्त्यांचे रकाने मात्र अजूनही सरळ रेषेत येत नाहीत. तो दोष थीमचा नाही, परंतु वेचणीचा तक्ता उघडला की सर्वांत आधी तोच दिसतो.

हे सारे मोफत आहे आणि ईमॅक्सच्या आतच येते, त्यामुळे वेगळे काही डाउनलोड करावे लागत नाही. नेटवर्कसाठी धाब्यावर चढावे लागणाऱ्या आमच्या गावात ही सोय लहान नाही.