डूमच्या हौशी लेव्हल्स: आठ महिने, रोज रात्री पाऊण तास

गणपतीच्या आधी माळा आवरताना जुनी हार्ड डिस्क सापडली आणि तिच्यात डूम टू या राक्षसांना गोळ्या घालायच्या जुन्या गेमची फाइल. जेमतेम १४ एमबी. हल्ली लग्नाची पत्रिकासुद्धा व्हॉट्सअॅपवर याहून जड येते. त्या रात्रीपासून आठ महिने झाले. जेवणं आटोपली, ओटा पुसून झाला की पाऊण तास माझा. मूळ गेमची एकही लेव्हल या काळात खेळलो नाही. खेळलो ते सगळं चाहत्यांनी बनवलेलं. फुकट मिळतं, कोणी बनवलं ते बहुतेक वेळा टोपणनावापलीकडे कळत नाही, आणि काही काही तर मूळ गेमला मागे टाकतं.

डूम आला १० डिसेंबर १९९३ ला. पहिल्या भागाच्या नऊ लेव्हल्स तो बनवणाऱ्या इड सॉफ्टवेअरने फुकट वाटल्या होत्या, त्यामुळे फ्लॉपीवरून फ्लॉपीवर होत तो कुठेही पोचला. मला भेटला डोंबिवलीच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये, सर चहाला गेले की. तेव्हा कल्पना नव्हती की आपण बघतोय ते इंजिन, म्हणजे गेम चालवणारा प्रोग्रॅम, वेगळं आणि भिंती, राक्षस, आवाज हे सगळं वेगळ्या फाइलमध्ये आहे. तिला वॅड म्हणतात. इडचा प्रोग्रॅमर जॉन कारमॅकने ही फारकत मुद्दाम ठेवली होती, म्हणजे बाहेरच्यांना मूळ प्रोग्रॅमला हात न लावता आपला माल आत घालता यावा. १९९४ मध्येच लोकांनी लेव्हल बनवायचे एडिटर तयार केले. डिसेंबर १९९७ मध्ये सोर्स कोडही खुला झाला, म्हणून आज विंडोजवर, लिनक्सवर, कशावरही हे चालतं.

चालवायला काय लागतं? मूळ डूम टूची वॅड आणि एक नवं इंजिन. मूळ फाइल नसेल तर फ्रीडूम नावाचा फुकट पर्याय आहे, पण चित्रं वेगळी दिसतात, चव जाते. इंजिन म्हणून मी बहुतेक वेळ डीएसडीए-डूम वापरलं, आणि जिथे सांगितलंय तिथे जीझेडडूम. एक गोष्ट सुरुवातीलाच शिकून घ्या: कॉम्पॅटिबिलिटीचा आकडा. लेव्हल कोणत्या काळच्या नियमांवर बेतली आहे ते त्या आकड्याने ठरतं. बूम या नंतरच्या, सुधारित इंजिनासाठी बनवलेली लेव्हल मी जुन्या डूम टूच्या नियमांवर चालवली. लिफ्ट खाली येईना. चाळीस मिनिटं भिंती चाचपडत बटण शोधत होतो. सोबतच्या टेक्स्ट फाइलमध्ये स्पष्ट लिहिलं होतं. वाचतंय कोण!

दुसरा नियम मला तीन महिन्यांनी पटला: प्रत्येक लेव्हल पिस्तुलापासून सुरू करायची. आधीच्या लेव्हलमधून रॉकेट लाँचर घेऊन आलात की पुढची सुरुवात खुळखुळा होऊन जाते. रचणाऱ्याने पिस्तूल आणि ५० गोळ्या हातात धरून विचार केलेला असतो. पहिली शॉटगन कुठे, तिच्यापर्यंत पोचताना कोण आडवा येणार, हे त्याने मोजलेलं असतं. ते मोजमाप दिसायला लागलं की या छंदाचा खरा नाद लागतो.

आर्चव्हाइल या राक्षसाचंच घ्या. उंच, पांढुरका, ७०० हेल्थ. तो हात वर करतो, तुमच्या अंगावर ज्वाळा उठतात, आणि क्षणभराने स्फोट. चिलखत नसेल तर १०० पैकी जवळजवळ ९० हेल्थ एका फटक्यात जाते. पण त्या शेवटच्या क्षणी तुम्ही त्याच्या नजरेआड असाल तर काही होत नाही. म्हणजे आर्चव्हाइलची लढाई ही खांबाची लढाई आहे. खोलीत खांब किती, किती जाड, एकमेकांपासून किती लांब, हे कोणीतरी ठरवलेलं असतं. शिवाय तो मेलेल्यांना उठवतो. सुपर शॉटगनच्या एका बारात २० छर्रे, सगळे लागले तर सरासरी २०० चा फटका. ३०० हेल्थचा रेव्हेनंट, म्हणजे सांगाड्यासारखा राक्षस, दोन बारांत आडवा होतो, आर्चव्हाइलला चार लागतात. तुम्ही दारात सहा रेव्हेनंट मारून शहाणपणा केलात असं वाटतं, आणि मग मागची भिंत खाली सरकते, आर्चव्हाइल बाहेर येतो, आणि तुमचं प्रेतांचं सगळं दुकान परत उभं राहतं. मी अशा एका खोलीत एकोणीस वेळा मेलो. विसाव्या वेळी कळलं की पहिले सहा दारात मारायचेच नव्हते. त्यांना आत, लांब कोपऱ्यात न्यायचं होतं. त्या माणसाला ठाऊक होतं मी दारात उभा राहणार. सगळेच राहतात.

अशा खोड्यांचं मूळ प्लुटोनियामध्ये आहे. डारिओ आणि मायलो कसाली या दोन भावांनी केलेल्या या ३२ लेव्हल्स १९९६ मध्ये फायनल डूम म्हणून विकल्या गेल्या, त्यामुळे त्यांना हौशी म्हणावं की नाही हा वादच आहे. त्याच डब्यातला दुसरा संच, टीएनटी, खरं तर फुकट यायचा होता. इडने ऐन वेळी विकत घेतला. त्याच्या ३१ व्या लेव्हलमधली पिवळी किल्ली चुकून फक्त मल्टिप्लेअरसाठी खूण केलेली राहून गेली, म्हणजे एकट्याने खेळणाऱ्याला ती दिसतच नाही. तेव्हा विकत घेतलेल्या मालातही असं होतं, हे फुकटच्या मालाला शिव्या देताना मी लक्षात ठेवतो.

नव्याने येणाऱ्याला मी डोळे झाकून स्काइद देईन. एरिक आल्मने २००३ मध्ये केलेल्या ३२ लेव्हल्स. पहिल्या दहा इतक्या छोट्या की चहा निवायच्या आत दोन होतात. विसाच्या पुढे मात्र तोच माणूस गळा धरतो.

गोइंग डाउन दिवाळीच्या सुट्टीत खेळलो, कारण नाशिकहून भाचा आला होता. पंधरा वर्षांचा, नव्या गेम्सवर वाढलेला. पाच मिनिटांत म्हणाला, "मामा, वर बघता येत नाही यात?"

"नाही. समोर धर, गोळी आपोआप उंची शोधते."

"मग कौशल्य काय?"

"चाल."

त्याने नाक मुरडलं आणि रात्री दीडपर्यंत उठला नाही. सिरियाक हॅरिस हा ब्रिटिश ॲनिमेटर, त्याचं हे २०१४ चं काम. एक इमारत, गच्चीवरून सुरुवात, प्रत्येक लेव्हल म्हणजे एक मजला, लिफ्टने खाली खाली. जागा अगदी अरुंद, आणि विनोद काळाकुट्ट. एकाच इमारतीत बत्तीस लेव्हल्स काढून कंटाळा येऊ न देणं सोपं नाही. शेवटच्या मजल्यांवर माझी दमछाक झाली, भाच्याची नाही.

जीव जडला तो मात्र एन्शंट एलियन्सवर. स्किलसॉ या टोपणनावाच्या माणसाचं, २०१६ चं. डूम म्हटलं की तपकिरी आणि करडा, इथे गुलाबी, जांभळा, निळा. संगीत मुख्यतः स्टूबॉयचं, तेही मिडी, म्हणजे फाइलमध्ये नुसते सूर, वाद्यांचा आवाज कॉम्प्युटर भरतो. दोन दोन दिवस लोकलमध्ये ती धून डोक्यात घोळायची. मिडीसाठी एखादा चांगला साउंडफाँट, म्हणजे वाद्यांच्या आवाजांचा संच, उतरवून घ्या, नाहीतर सगळं बँजो पार्टीसारखं वाजतं.

इव्हिटर्निटी १० डिसेंबर २०१८ ला, गेमच्या पंचविसाव्या वाढदिवशी आली. सहा अध्याय, प्रत्येकी पाच लेव्हल्स, वर दोन गुप्त. दिसायला यासारखं दुसरं काही मी खेळलो नाही. बर्फाच्या अध्यायात तर नुसता उभा राहून बघत होतो. पण माझा पाऊण तास तिला पुरत नाही. मोठी लेव्हल मध्येच सेव्ह करून दुसऱ्या रात्री उघडली की कुठली किल्ली, कुठलं दार, काही आठवत नाही. नकाशा उघडून बसायचं. चार अध्यायांनंतर सोडली, रविवारसाठी ठेवली आहे.

सिजिल फारशी लागली नाही. मूळ डूमच्या टीममधल्या जॉन रोमेरोने २०१९ मध्ये केलेल्या नऊ लेव्हल्स. भिंतीतल्या डोळ्यांवर गोळी झाडून दारं उघडायची कल्पना छान, पण काळोख आणि पायाखालच्या भेगा यांनी मी जितका मेलो तितका राक्षसांनी नाही. ज्याला जुना, कोंदट डूम हवा त्याला आवडेल. आणि शेकडो राक्षस एका मैदानात सोडायचे, त्या प्रकारच्या कत्तलीच्या लेव्हल्स मला जमल्या नाहीत. दोन संच डिलीट केले. मनगट दुखायला लागलं होतं, हेही खरं.

मायहाउस, २०२३ ची, जीझेडडूमवरच चालते. तिच्याबद्दल काही वाचू नका, व्हिडिओ बघू नका. फक्त एवढं: १९९४ पासून एडिटर हातात आलेला प्रत्येक जण आधी स्वतःचं घर बनवतो. ही लेव्हल तिथून सुरू होते.

भाच्याने तेच केलं. अल्टिमेट डूम बिल्डर हा एडिटर उतरवून घेतला आणि आजीचं घर काढायला बसला. आठवड्यात फोन. "मामा, वरची खोली खालच्या खोलीवर बसतच नाही."

बसणारच नाही. डूमचा नकाशा म्हणजे वरून काढलेलं रेखाचित्र. प्रत्येक तुकड्याला एक जमीन, एक छत. माडीवर माडी त्या हिशेबात नाही. त्याने वरची खोली नकाशात दूर कुठेतरी काढली आणि जिन्याच्या टोकाला टेलिपोर्ट ठेवला. तो जिना चढताना पडदा हिरवा झपकतो. आजीकडे असं कधी झालं नव्हतं, पण चालतं.

गेल्या रविवारी फाइल आली. ओटा बरोबर जागेवर, खिडकीही. देवघरापाशी शॉटगन ठेवली होती, ती उचलली तर काहीच घडलं नाही. मग स्वयंपाकघरात आलो, समोर फळीवर चिलखत होतं, ते घेतलं आणि मागे मोरीची भिंत सरकली. दोन रेव्हेनंट. मी गेलो.

मेसेज केला, "मेलो."

"कुठे उभा होतास?"

"ओट्याजवळ. दाराकडे पाठ."

"माहीत होतं मला," त्याने लिहिलं, आणि खाली हसणारं तोंड.