टेपर: तीन आठवड्यांचा की दोन?

मुंबई मॅरेथॉन जानेवारीत, म्हणजे तीन आठवड्यांचा टेपर (शर्यतीआधी सराव हळूहळू कमी करण्याचा काळ) नाताळाच्या सुमारास सुरू होतो. शेवटची ३२ किलोमीटरची धाव झाली की अंतर उतरवत न्यायचं. दोन आठवड्यांत लय टिकते, पण सराव मोठा असेल तर थकवा पुरता निघत नाही.

मला तीनच आवडतात. अधूनमधून वेगाची धाव ठेवायची, अंतर मात्र शेवटी निम्म्यावर. पहाटे मरीन ड्राइव्हवर समुद्राचा वारा खात आठ किलोमीटर, मग घरी गरम पोहे आणि दुपारची निवांत झोप! संक्रांतीचा तिळगूळही मनापासून खावा. स्नायूंत ग्लायकोजेन, म्हणजे धावायला लागणारी साखर, साठतं, सोबत पाणीही. वजनाचा काटा थोडा चढला तर घाबरू नये. पेडर रोडच्या चढावर हाच साठा कामी येतो.