घोड्याची वैरण: टांगत्या जाळीत की ठेंगण्या गव्हाणीत?

घोड्याला काय घालायचं यावर कोल्हापुरात हवं तेवढं बोलणं होतं. हरभरा किती, हुलगे शिजवून की भिजवून, कोंडा द्यावा की नाही. कशात घालायचं, किती उंचीवर घालायचं, हे मात्र गवंडी नाहीतर घोड्याची निगा राखणारा मोतद्दार ठरवतो आणि मालक ते मान्य करतो. दिवसाचे वीस-बावीस तास ठाणावर बांधलेल्या जनावराच्या बाबतीत ही गोष्ट डोळा, नाक, दात आणि पोट या चारही ठिकाणी जाऊन पोचते.

भिंतीत डोक्याच्या वर बसवलेली वैरणीची लोखंडी शिडी जुन्या पागांमध्ये अजून दिसते. तिच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. असेल तर काढून टाका. खरी निवड उरते ती दोरीची टांगती जाळी आणि जमिनीलगतची ठेंगणी गव्हाण यांच्यात.

आधी जाळीची बाजू, कारण ती लंगडी नाही. घोड्याचं पोट अंगाच्या मानाने लहान, 8 ते 15 लिटरचं. त्यात आम्ल चोवीस तास पाझरतं, लाळ मात्र चावतानाच सुटते. सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा अशी दोन वेळची वैरण टाकली, की संध्याकाळची रात्री नऊपर्यंत संपते आणि पुढचे नऊ तास ते आम्ल रिकाम्या पोटाच्या अस्तरावर काम करत राहतं. जखमा तिथूनच होतात. किलोभर सुकं गवत मोकळं टाकलं तर घोडा साधारण 40 मिनिटांत खातो. तेच 4 सेंटिमीटर भोकांच्या जाळीत भरलं तर वेळ बराच लांबतो. शिवाय जाळी काट्याला अडकवून वजन करता येते, वैरण पायाखाली तुडवली जात नाही, लिदीत मिसळत नाही आणि जंतांची अंडी तोंडात जायचा धोका कमी होतो. परदेशी तबेल्यांतली माणसं जाळीची शिफारस करतात ती उगाच नाही.

फक्त त्यांची वैरण वेगळी. तिकडचं मऊ, पानाळ, यंत्राने गाठोडी बांधलेलं गवत जाळीत ठासून भरता येतं. आपल्याकडे दोन गोष्टी असतात. एक, मंगळवेढा-जतकडून येणारा शाळूचा कडबा. दुसरी, पन्हाळा, गगनबावडा, भुदरगडच्या डोंगरावरचं कापलेलं गवत. कडब्याचं धाट अंगठ्याएवढं जाड आणि चार-पाच फूट लांब. ते जाळीत जात नाही. मोडून भरलं तर टोकं चहूकडून बाहेर येतात, घोडा एक ओढतो आणि त्याबरोबर सगळा गुंता आवळला जातो. तुकडे केले तर निम्मे भोकांतून खाली पडतात. म्हणजे जाळी असूनही घोडा शेवटी जमिनीवरच खातो, तेही लिदीशेजारी.

डोंगरी गवताचं दुखणं याहून वाईट, आणि माझा कौल गव्हाणीकडे त्यानेच झुकवला. त्यात कुसळी गवत भरपूर असतं. पावसाळा सरताना ते निसवतं आणि कापणी लांबली की कुसळं पिकून कडक होतात. प्रत्येक कुसळाला खाली टोकदार अणी आणि मागे वळणारी शेपटी असते. ओल लागली की त्या शेपटीचा पीळ सुटताना ती फिरते आणि कुसळ स्वतःहून आत शिरतं. अशा गवताची जाळी तोंडाच्या उंचीवर टांगली, की घोडा हिसका मारून ओढतो आणि झडणारं सगळं आयाळीत, कपाळावरच्या झुलपात आणि डोळ्यांत पडतं. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं म्हणतात. घोड्याच्या डोळ्यातलं तेवढं सहज दिसत नाही; ते तिसऱ्या पापणीमागे जाऊन बसतं.

मग जाळी खाली का टांगू नये? इथेच ती कचाट्यात सापडते. भरलेली जाळी छातीला असेल तर रिकामी झाल्यावर ती फूट-दीड फूट लोंबते आणि खूर आपटणाऱ्या घोड्याचा नालबंद पाय तिच्यात अडकतो. नालाची टाच आणि दोरीचं भोक एकमेकांसाठीच केल्यासारखी असतात. म्हणून नियम असा, की रिकामी जाळीसुद्धा गुडघ्याच्या बरीच वर राहिली पाहिजे, म्हणजे भरलेली डोळ्याच्या पातळीला बांधावी लागते. पायासाठी वर घ्या तर डोळा जातो, डोळ्यासाठी खाली घ्या तर पाय जातो. मऊ गवत असेल तर यातून वाट निघते, कुसळी गवतात निघत नाही.

डोळा अर्धवट मिटलेला, पाणी वाहतंय, बुबुळावर निळसर धुरकट झाक दिसतेय, असं असेल तर उकळून गार केलेल्या लिटरभर पाण्यात 9 ग्रॅम मीठ घालून त्याने डोळा धुवा आणि डॉक्टरांना त्याच दिवशी बोलवा. घरात पडून असलेले डोळ्याचे थेंब घालू नका. त्यात स्टिरॉइड असेल आणि बुबुळावर जखम असेल, तर जखम चिघळते आणि डोळा हातचा जातो.

आता नाक. घोड्याला तोंडाने श्वास घेता येत नाही. हवा आत जाते ती नाकानेच. नाकपुड्या वैरणीत खुपसून तो तासन्‌तास श्वास घेत असतो. मान वर असेल तर श्वासनळीतला चिकटा बाहेर यायला चढ लागतो, मान खाली असेल तर तो आपसूक ओघळतो. ठेंगण्या गव्हाणीत खाणाऱ्या घोड्याच्या नाकातून सकाळी थोडं पातळ पाणी येताना दिसतं. ते पाहून घाबरू नये, तो निचरा आहे. घट्ट, पिवळं किंवा वास मारणारं असेल तर ती वेगळी गोष्ट. वैरण आधी पाण्यात बुडवून निथळली तर धूळ दोन्ही पद्धतींत बसते. दहा मिनिटं पुरतात, पण भिजवलेली त्याच वेळी संपली पाहिजे. आपल्या हवेत भिजलेला कडबा संध्याकाळपर्यंत आंबूस होतो.

दातांबद्दल मी जरा जपून बोलतो. मान खाली गेली की खालचा जबडा थोडा पुढे सरकतो आणि दाढा एकमेकांवर नीट बसतात. मान वर ठेवून वर्षानुवर्षं खाल्लं, तर वरच्या पहिल्या आणि खालच्या शेवटच्या दाढेला आकडे, म्हणजे वाढलेली अणकुचीदार टोकं, येतात, असं दात घासणारे सांगतात आणि ते पटण्यासारखं आहे. पण आकड्यांना इतरही कारणं असतात. वर्षातून एकदा दात तपासणं कोणत्याच पद्धतीत चुकत नाही.

गव्हाणीचे दोष झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पहिला दोष मुरूम. आपल्याकडे तबेल्याच्या अंगणात आणि पुष्कळदा ठाणावरही मुरूम पसरतात. जमिनीवर सांडलेलं वेचताना घोडा त्याची कच गिळतो. ती मोठ्या आतड्यात तळाला साचते आणि एक दिवस पोटशूळ उठतो. तपासायला सोपं आहे: लिदीचे पाच-सहा ताजे गोळे, जमिनीला न टेकलेल्या बाजूने घेतलेले, बादलीभर पाण्यात विरघळवा, पंधरा मिनिटं थांबा आणि वरचं अलगद ओता. तळाशी चमचाभर कच राहिली तर इसबगोलाबद्दल डॉक्टरांशी बोला आणि गव्हाणीसमोरची जमीन आधी बंद करा. गाईच्या गोठ्यात घालतात तीच जाड रबरी मॅट, गव्हाणीपुढे किमान चार फूट. रोज झाडायची.

दुसरा दोष ओल. जून ते सप्टेंबर कोल्हापुरात गव्हाणीच्या तळाला राहिलेली चार काडं दुसऱ्या दिवशी पांढरी होतात. बुरशीची वैरण म्हैस एखादवेळ पचवेल, घोडा नाही. बुरशी लागलेला मका तर घोड्याच्या मेंदूवर जातो. म्हणून रोज सकाळी गव्हाण रिकामी, हाताने तळ चाचपून, आणि उरलेलं टाकून. पुन्हा वर नवीन घालायचं नाही. पुराच्या पाण्यात भिजून वाळवलेला कडबा स्वस्त मिळतो. 2019 आणि 2021 च्या पुरानंतर असा माल बराच फिरला. तो कोणत्याच पद्धतीत घोड्याला घालू नये.

तिसरा दोष वेग. गव्हाणीत मोकळी वैरण लवकर संपते, हे खरं. पण इथे कडबाच मदतीला येतो. अख्खं धाट घोड्याला एकेक करून मोडावं लागतं, सोलून काढावं लागतं, चावावं लागतं. जाळी जे काम दोरीने करते ते कडबा स्वतः करतो. आपणच त्याची कुट्टी करून हा फायदा घालवतो. कुट्टी यंत्र गाई-म्हशींसाठी लावलेलं असतं, सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरचे तुकडे. गाय ते नंतर रवंथ करते. घोडा रवंथ करत नाही. न चावता गिळलेलं तसंच पुढे जातं, कधी घशात अडकतं, कधी आतड्यात गठ्ठा होतं. पाती बदलून किमान दोन इंची कुट्टी करा, नाहीतर सरळ कोयत्याने हातभर तुकडे करा.

गव्हाण बांधायचीच असेल तर ही मापं चालतात. ठाणाच्या कोपऱ्यात, पाण्याच्या विरुद्ध बाजूला. आत तीन फूट लांब, अडीच फूट रुंद. कठडा 14 इंच, म्हणजे घोड्याच्या गुडघ्याच्या खाली. दोन फुटांचा कठडा केला तर पुढचा पाय आत टाकून घोडा त्यावर लटकतो. तळ जमिनीपेक्षा चार इंच वर, घोटून गुळगुळीत, आतले कोपरे गोल, धुण्यासाठी एका बाजूला भोक आणि त्याला लाकडी बूच. आत लोखंडी कडी बसवू नका. गवंडी म्हशीच्या सवयीने हमखास बसवतो. ट्रकच्या टायरची गव्हाण फुकटात होते, पण टायर झिजला की आतल्या तारा वर येतात आणि ओठ फाटतो. निळा ड्रम आडवा कापूनही करतात. कड गरम करून वळवली नाही तर तीही सुरीच.

चंदीचं, म्हणजे दाण्या-कोंड्याचं, थोडं वेगळं. तोबरा, म्हणजे तोंडाला बांधायची पिशवी, वरातीत, यात्रेत, ट्रकमधून जाताना उपयोगी. मोजून देता येतो, शेजारचा घोडा चोरत नाही. ठाणावर रोज वापरायला मला तो पटत नाही. कोंड्याची धूळ थेट नाकात जाते, शेवटचे दाणे मिळवायला घोडा मान झटकतो, आणि पिशवी रोज धुतली नाही तर दोन दिवसांत आंबते. वापरलाच तर चंदी ओलसर, पट्टा असा की ओठ तळाला टेकेल, आणि खाणं संपताच तोबरा काढायचा. तोबऱ्यासकट घोड्याने पाण्यात तोंड घातलं तर तो गुदमरतो. ठाणावर चंदी पसरट घमेल्यात, त्याच गव्हाणीत ठेवून द्या. अधाशी घोडा असेल तर पंचगंगेचे चार-पाच गुळगुळीत गोटे आत टाका, प्रत्येक त्याच्या तोंडात मावणार नाही एवढा. दाणे त्यांच्या आजूबाजूने वेचावे लागतात. 350 किलोच्या घोड्याला एका वेळी दीड किलोच्या वर चंदी नको, आणि ती वैरणीच्या आधी नको. आधी अर्धा तास कडबा, मग चंदी.

दिवसाची सुकी वैरण अशा घोड्याला सहा-सात किलो. तिचे चार वाटे करून सगळ्यात मोठा रात्री नऊ-दहाला टाका. गव्हाण घेणाऱ्याने एवढं एक काम पत्करलंच पाहिजे. रात्री कुणी तबेल्यावर नसेल तर माझं म्हणणं थोडं मागे घेतो. मग लसूणघास किंवा कुसळं नसलेलं मऊ गवत दोन जाळ्यांत भरा, सुरगाठीने बांधा. दोरी थेट कडीला न बांधता कडीत सुतळीचा फास घालून त्याला बांधा, म्हणजे पाय अडकलाच तर सुतळी तुटेल. गव्हाणीत कडबा राहू द्या.

जाता जाता: गव्हाण आली की लोक तिच्यात उसाचं वाडं आणि हत्तीगवत टाकू लागतात, कारण ते जवळ असतं. दोन्हींत ऑक्झालेट असतं, ते कॅल्शियम बांधून ठेवतं. जोडीला कोंडा असेल तर फॉस्फरस वाढतो आणि शरीर हाडांतून कॅल्शियम काढतं. जबड्याची हाडं सुजून डोकं मोठं दिसू लागतं, घोडा कधी एका, कधी दुसऱ्या पायाने लंगडतो. कधीमधी चालेल, रोजचं पोट त्यावर नको. कोवळी हिरवी ज्वारी तर अजिबात नको.

जाळी उतरवल्यापासून सकाळी डोळे पुसायचा ओला फडका आमच्याकडे खुंटीवर वाळलेला असतो, आणि पहिल्या दुडक्या चालीला येणारा खोकला कमी झालाय. माझ्याकडे मोजमाप म्हणून एवढंच आहे. तुमच्याकडे वैरण कोणती येते ते आधी बघा. डोंगरी गवत घेत असाल तर मूठभर घेऊन काळ्या कापडावर झटका. कुसळं पडली तर ते जाळीत भरू नका, आणि गव्हाणीत घालायचं तरी आधी अंगणात पेंढी सोडून आपटा. मग आठवड्यातून एकदा ओठ उचलून हिरड्या आणि जिभेखाली बघा. लाळ गळत असेल किंवा घोडा लगाम घ्यायला कुरकुरत असेल, तर कुसळ बहुधा तिथेच रुतलेलं असतं.